खटपट : दोन आसनी गाडीच्या पाठीवर दोन सायकली

गेल्या खेपेला मी सहज लिहून गेलो की माझ्या छोट्या उघड्या गाडीच्या मागे मी स्वतः केलेला सायकलींचा रॅक आहे. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळी दुसरा विषय घेतलाच नाही. ज्यांनी ठिबकणाऱ्या नळाबद्दल विचारलंय त्यांनी पुढच्या अंकापर्यंत खाली बादली ठेवावी.

प्रश्न : माझी जुनी दोन आसनी स्पोर्ट्स कार आहे, घडी होणाऱ्या कापडी छताची. डिकीवर पट्ट्यांनी आवळायचे तयार रॅक लावून पाहिले. पट्ट्यांचे आकडे डिकीच्या कडेला चावतात आणि रॅकचे पाय नेमके स्पॉइलरवर येतात. मागच्या बंपरमध्ये टोइंगचा हूक फिरवून बसवायचं आट्यांचं भोक आहे. त्यात जाड सळई बसवून तिच्यावरच रॅक उभा केला तर? वेल्डिंग मला बऱ्यापैकी येतं. सायकली दोन, एक ९ किलोची आणि एक १४ किलोची.
— चढावर दमणारी

उत्तर : त्या भोकावर नको, बाई. तो हूक गाडी सरळ ओढण्यासाठी दिलेला असतो. त्याला ओढ सोसते, मुरड, म्हणजे वाकवणारा जोर, सोसत नाही. शिवाय ते भोक एकटं आणि एका बाजूला. एका बिंदूवर उभी केलेली वस्तू प्रत्येक वळणावर त्या बिंदूभोवती फिरू बघते, आणि इथे तर फिरण्याची सोय म्हणून आटेच पाडून ठेवले आहेत.

आता थोडा हिशोब करू. तुमच्या सायकली मिळून २३ किलो. नीट केलेला लोखंडी रॅक १४ किलोच्या आसपास जातो. झाले ३७. हा भार गाडीला जिथे धरलाय तिथून सरासरी ४५ सेंटीमीटर मागे लोंबतो असं धरा. म्हणजे एक मीटर लांब पहार भिंतीत रोवली आणि तिच्या टोकाला साधारण १७ किलो टांगले, तेवढी मुरड. हे गाडी उभी असताना. खड्ड्यात चाक गेलं की तोच भार क्षणभर दुपटी-तिपटीने जाणवतो. मी तिप्पट धरतो, म्हणजे पहारीच्या टोकाला ५० किलो. आता रॅकचा पाय गाडीला वर एक आणि खाली एक अशा दोन बोल्टांनी धरलाय आणि त्यांच्यात अंतर फक्त १० सेंटीमीटर आहे. सगळी मुरड त्या एका पायावर आली तर वरच्या बोल्टवर ५०० किलोची ओढ येते. अंतर २० केलंत की ती निम्म्यावर उतरते.

५०० किलो ऐकून लोक जाडजूड बोल्ट शोधायला धावतात. बोल्ट तुटणार नाही. डोक्यावर ८.८ कोरलेला १० मिलिमीटरचा साधा बोल्ट तीन टनांहून जास्त ओढ घेतो. नळीही वाकणार नाही. ४० बाय ४० ची, २ मिलिमीटर जाडीची चौकोनी नळी एकटीने ही तिप्पट मुरड घेईल तेव्हा कुठे ती कायमची वाकण्याच्या हद्दीच्या निम्म्याला पोचेल. फाटतो तो पत्रा, ज्याच्यावर आपण हे सगळं आवळलेलं असतं. गाडीच्या अंगावरचा पत्रा एक मिलिमीटरही जाड नसतो.

हे मला वाचून कळलेलं नाही. माझा पहिला रॅक म्हणजे लोखंडाची तटबंदी होती. आठ मिलिमीटरच्या पट्ट्या, जाड नळी, वेल्डिंग असं की शेजारच्या वर्कशॉपचे लोक बघायला आले. आणि ही तटबंदी मी डिकीच्या तळाला चार बोल्टांनी आवळली, आतून रुपयाएवढे वायसर घालून. पाच-सहा सफरी झाल्या. एका पावसानंतर डिकीतली पिशवी उचलली तर बुडाशी ओली. चटई काढली. मागच्या डाव्या वायसरभोवतीचा रंग उडाला होता आणि पत्र्यात तीन बारीक चिरा पडल्या होत्या, पक्ष्याच्या पावलासारख्या. नखाने वायसर दाबला तर पत्रा डब्याच्या झाकणासारखा टक् करून आत जाई आणि टक् करून बाहेर येई. रॅकवर मात्र ओरखडा नव्हता. आमच्या हिने वाकून पाहिलं आणि म्हणाली, "रॅक छान झालाय. त्याला आता एक गाडी करा."

तर मग हाड शोधा. बंपर म्हणून जो दिसतो तो नुसता प्लॅस्टिकचा मुखवटा. तो उतरवलात की आत फोम आणि त्यामागे एक आडवी तुळई मिळते. ती गाडीच्या दोन लांब दांड्यांच्या टोकांना बोल्टांनी धरलेली असते. दांड्यांची ती टोकं म्हणजे हाड. तुळईला स्वतःहून भोकं पाडू नका. मागून धडक बसली की ती दबावी, चेपावी म्हणून केलेली असते. तिचे जे बोल्ट मुळातच दांड्यात जातात, त्यांच्याखाली ६ मिलिमीटरची प्लेट अडकवा. बोल्ट मुळातल्यापेक्षा प्लेटच्या जाडीएवढे जास्त लांब घ्या, प्रत (डोक्यावर कोरलेला आकडा) तीच किंवा वरची. आटे किती आत जातात ते काडी घालून मोजा, अंदाज नको. प्रत्येक दांड्याला एक प्लेट, प्रत्येक प्लेटला मागे येणारा एक हात. दोन हातांमध्ये जितकं अंतर तितकी रॅकची डावी-उजवी डोलण्याची खोड कमी. बंपरच्या खालून हात काढता आले तर मुखवटा कापावा लागत नाही. आमच्या गाडीत नाही आले, दोन चौकोन कापावे लागले.

हात कायमचे ठेवू नका. बंपरच्या आत एक आखूड खोबण ठेवा आणि रॅक तिच्यात सरकवून खिळीने अडकवा. सायकली नसतील तेव्हा गाडीच्या मागे दोन भाले उगारून कोणी फिरू नये. मागच्या माणसाचे पाय आहेत, आणि हलकी धडक बसली तर ती चेपणाऱ्या भागाला टाळून थेट दांड्यांत जाते.

आता एक बारीक गोष्ट, जी बहुतेक जण विसरतात. पोकळ चौकोनी नळीतून आरपार बोल्ट घालून आवळलात तर नळीच्या भिंती आत चेपतात. तुम्ही पाना फिरवता, बोल्ट घट्ट झाल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात भिंत वाकत असते. महिन्याभराने तोच बोल्ट बोटाने फिरतो. यावर उपाय बुशीचा. बोल्ट आतून जेमतेम सरकेल अशी गोल नळी घ्या. चौकोनी नळीच्या दोन्ही भिंतींना बुशीच्या बाहेरच्या मापाचं भोक पाडा, बुशी आरपार घाला, दोन्हीकडे केसभर बाहेर ठेवा, भोवतीने वेल्ड करा आणि कानशीने सपाट करा. आता पाना आवळला की जोर बुशीवर जातो, भिंतीवर नाही. एका बुशीला अर्धा तास लागतो. माझ्या रॅकला अशा आठ आहेत आणि सातवीपर्यंत मी स्वतःला शिव्या देत होतो.

वेल्डिंग बऱ्यापैकी येतं म्हणालात, म्हणून थोडंच सांगतो. सगळे सांधे आधी टाके मारून उभे करा, गुण्या लावून बघा, रॅक गाडीवर चढवून दहा पावलं मागून बघा आणि मगच पूर्ण वेल्ड. हात जिथे उभ्या खांबाला मिळतो तिथे कोपऱ्यात त्रिकोणी तुकडा द्या. नळीला चीर पडते ती बहुधा वेल्डच्या अगदी काठाशी, ताण येणाऱ्या बाजूला. म्हणून वरच्या तोंडावर आडवी रेघ ओढून वेल्ड संपवू नका, कडेवरून वळवून बाजूच्या भिंतीवर न्या. जस्ताचा मुलामा असलेली नळी असेल तर वेल्डच्या जागचं जस्त आधी घासून टाका. त्याचा धूर श्वासातून आत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो. मी एकदा घेतलाय, पुन्हा नको. प्रत्येक नळीला सर्वांत खालच्या जागी ५ मिलिमीटरचं भोक ठेवा. पाणी आत जाणारच, त्याला बाहेरची वाट हवी. आणि गाडीवर चढवून वेल्ड करू नका. टाका मारावाच लागला तर बॅटरीच्या तारा सोडा, आणि पेट्रोलची टाकी कुठे आहे ते आधी बघा.

रंग देण्यापूर्वी परीक्षा घ्या. सायकली जिथे बसणार तिथे ७० किलो वाळूची पोती टांगा. रॅकचं टोक किती खाली आलं ते जमिनीपासून मोजू नका, कारण गाडीचे स्प्रिंगही दबतात. डिकीच्या कुलपापासून टोकापर्यंत दोरी ताणून खूण करा. पोती काढल्यावर खूण होती तिथे परत आली पाहिजे. दोन मिलिमीटरही मागे राहिली तर काहीतरी कायमचं वाकलंय किंवा सरकलंय. शोधून काढा. मग रंग. मग ५० किलोमीटर चालवून सगळे बोल्ट पुन्हा आवळा. तरीही सायकलींना गाडीच्या स्वतंत्र कड्याला बांधलेला एक पट्टा असू द्या. रॅक मी केलाय आणि पट्टा मीही बांधतो.

प्रश्न : एवढं लोखंड मागे लटकवण्यापेक्षा ॲल्युमिनियमचा केला तर हलका होणार नाही का? गाडी जेमतेम टनभर वजनाची आहे.
— वजनदार शंका

उत्तर : शंका वजनदार आहे आणि अर्धी बरोबर आहे. मागचं वजन छोट्या गाडीला खरंच जाणवतं. माझदा एमएक्स-५ या दोन आसनी उघड्या गाडीचं उदाहरण घेऊ. १९८९ साली आलेल्या तिच्या पहिल्या पिढीत पुढच्या आणि मागच्या आसांमधलं अंतर २२६.५ सेंटीमीटर. रॅक आणि सायकलींचा भार मागच्या आसाच्या ११३ सेंटीमीटर मागे आहे असं समजा, म्हणजे निम्मं अंतर. गाडी मागच्या आसावर तराजूसारखी कलते. ३७ किलो लटकवले की पुढच्या चाकांवरचे साडेअठरा किलो उचलले जातात आणि मागच्या चाकांवर ३७ नाही, साडेपंचावन्न येतात. सुकाणू किंचित हलकं लागतं, दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात. दारापाशी हवेच्या दाबाचा तक्ता असतो, त्यातला भरलेल्या गाडीचा आकडा घ्या, आणि वळणावर घाई नको. गाडीचं शेपूट जड झालंय, ते आत वळायलाही उशीर करतं आणि थांबायलाही.

पण ॲल्युमिनियमची अडचण वेल्डची आहे. ६०६१-टी६ हा नेहमीचा मिश्रधातू साध्या लोखंडाइतकाच कणखर असतो, आणि वेल्ड केला की त्या सांध्याजवळ त्याची ताकद निम्म्याजवळ येते. पुन्हा भट्टीत घालून उपचार केले तरच परत येते, आणि भट्टी तुमच्याकडे नाही. शिवाय त्याच मापाची नळी लोखंडाच्या तिप्पट लवते. वारंवार झुलणाऱ्या वस्तूला हे बरं नाही. ताठपणासाठी नळी मोठी घ्यायला जाल तर वाचवलेल्या वजनातलं बरंच परत आणाल. सांगाडा लोखंडाचाच करा. चाकं ठेवायचे पन्हाळे ॲल्युमिनियमचे करा आणि ते बोल्टांनी लावा, मध्ये रबराची किंवा नायलॉनची चकती घालून. दोन धातू आणि पावसाचं पाणी एकत्र आलं की ॲल्युमिनियम पांढरं पडून कुरतडलं जातं.

प्रश्न : रॅक तयार आहे, पण दोन दुखणी आहेत. सायकल आडवी ठेवली की दोन्ही चाकं गाडीच्या बाहेर डोकावतात. आणि परवा उतरवताना पाहिलं तर मागच्या टायरला एका जागी फोड आलेले.
— फोड कसले?

उत्तर : सायलेन्सरचे. टायर सायलेन्सरच्या तोंडासमोर येत असणार. लांब चढावर इंजिन तापलं की तिथून निघणारी हवा रबर शिजवते. रिम कार्बनचं असेल तर टायरपेक्षा त्याची काळजी करा, कारण त्यातली राळ मऊ झाली की रिम फेकून द्यावं लागतं, आणि ते बाहेरून दिसेलच असं नाही. इंजिन चालू ठेवून सायलेन्सरमागे हात धरा, जवळ नाही, हातभर अंतरावरून, आणि झोत कुठवर जातो ते बघा. पन्हाळा त्या झोतातून वर घ्या किंवा बाजूला सरकवा. तेही जमत नसेल तर सायलेन्सरच्या तोंडाला खाली वळलेलं टोक लावा. पत्र्याचा आडोसा हा शेवटचा उपाय, कारण तो स्वतःच तापतो.

रुंदीचं गणित सोपं आहे. वर म्हटलेली एमएक्स-५ आहे १६७.५ सेंटीमीटर रुंद आणि साधारण मोठ्या चाकाची सायकल १६८ ते १८० सेंटीमीटर लांब. म्हणजे सायकल गाडीपेक्षा मोठी! पुढचं चाक काढलंत की ती १३५ च्या आसपास येते. मग चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारे सायकलीचे दोन पाय, थेट रॅकवरच्या आडव्या दांडीला अडकवा. जुन्या झटपट कळीच्या (क्विक रिलीज) चिमट्याला १०० मिलिमीटर रुंद आणि ९ मिलिमीटर जाड आस लागतो. अलीकडच्या डिस्क ब्रेकवाल्या सडकेच्या सायकलींना १२ मिलिमीटर जाडीचा आरपार आस असतो, तर बऱ्याच डोंगरी सायकलींना ११० रुंदीचा, १५ जाडीचा. दोन सायकली दोन प्रकारच्या असतील तर दांडीवर दोन वेगळी आसनं करा, एकाच आसनात चकत्या भरून जुगाड नको.

चाक काढलेल्या हायड्रॉलिक डिस्क ब्रेकमध्ये प्लॅस्टिकची चपटी फाचर घालून ठेवा. वाटेत कोणी लाडाने ब्रेकचा कान दाबला की आतले पॅड एकमेकांना चिकटतात आणि मुक्कामी पोचल्यावर चाक आत जातच नाही. मी एक अख्खी सकाळ स्क्रू ड्रायव्हर घेऊन पॅड उकलत बसलोय, आणि बरोबरचे सगळे तोवर टेकडी चढून उतरूनही आले.

प्रश्न : खोबणीत सरकवलेला रॅक खडखडतो. खिळी पक्की आहे. रबर कोंबलं तर चालेल?
— कान किटलेला

उत्तर : चार दिवस चालेल, मग रबर भुगा होऊन पडेल. नळीत नळी सरकायची म्हणजे फट असणारच, आणि खिळी फक्त बाहेर येऊ देत नाही, ती फट धरत नाही. खोबणीच्या एका कोपऱ्याजवळ बाहेरून नट वेल्ड करा, त्याच्यासमोर भोक पाडा आणि बोल्ट घालून आतली नळी समोरच्या कोपऱ्यात दाबा. कोपऱ्यात दाबली की वर-खाली आणि डावी-उजवी दोन्ही हालचाली एकदम थांबतात. बोल्टवर दुसरा नट घालून तो जखडून ठेवा. आवाज हा किरकोळ त्रास म्हणून सोडू नका. प्रत्येक खड् म्हणजे रॅकच्या पायावर पडलेला एक छोटा हातोडा असतो.

दोन सायकली एकमेकींना लागून वाजत असतील तर एकीचं हँडल डावीकडे, दुसरीचं उजवीकडे ठेवा आणि आतल्या बाजूची पायडलं काढून डिकीत टाका. उघड्या छताच्या गाडीत आणखी एक बघा. कापडी छताची मागची खिडकी बऱ्याचदा मऊ प्लॅस्टिकची असते आणि हँडलचं टोक ती घासतं. घासल्याची खूण जात नाही.

प्रश्न : सायकली ठेवल्या की नंबराची पाटी आणि मागचा एक दिवा झाकला जातो. कोणाच्या लक्षात येतं?
— झाकली मूठ

उत्तर : मागून येणाऱ्या ट्रकवाल्याच्या येत नाही, तीच तर भीती आहे. रॅकच्या शेवटच्या दांडीवर दिव्यांची फळी लावा. मागचे दिवे, ब्रेकचे, वळणाचे, आणि खाली पाटीसाठी दिव्यासह जागा. पाटीबाबत तुमच्या नोंदणी कार्यालयाचा नियम विचारून घ्या, घरी रंगवलेली पाटी चालेल असं धरून चालू नका. गाडीच्या तारांना टाचणी टोचून वीज घेऊ नका. प्लग बसवा, स्वतंत्र फ्यूज द्या, आणि निघण्यापूर्वी कोणाला तरी मागे उभं करून ब्रेक दाबा.

प्रश्न : आमचे हे म्हणतात, एवढा खटाटोप कशाला? छत उघडायचं, सायकलीची दोन्ही चाकं काढायची आणि ती शेजारच्या सीटवर पट्टा लावून बसवायची. खरंच बसते का?
— शेजारची सीट

उत्तर : बसते. मी करून पाहिलंय. सीटवर जुनी गोधडी, साखळीची बाजू दाराकडे, चाकं पायांपाशी, आणि सायकलीला सीटबेल्टखेरीज आणखी एक पट्टा. एका सायकलीसाठी याहून स्वस्त आणि भक्कम रॅक नाही. पण मग तुम्ही कुठे बसणार ते यांना विचारलंत का?